आजचं सोपं होतं ना?

दुपारी साडेबारा ते सव्वा या वेळात माझ्या मावशीला फोन करायचा नाही, हे आमच्या नात्यागोत्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी गेलं-बिलं असेल तर करावा, पण माणूस अगदी जवळचं असलं पाहिजे. एरवी ती फोन उचलते, "हां, बोल" म्हणते, आणि मग आपण बोलत असताना पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. मध्येच "नाही घेत मेला" असं पुटपुटणं. ते आपल्याला उद्देशून नसतं.

साडेबाराचा हा मुहूर्त पंचांगातला नाही. 'न्यू यॉर्क टाइम्स'चं 'स्पेलिंग बी' हे शब्दकोडं रोज तिकडच्या पहाटे तीनला बदलतं, तेव्हा डोंबिवलीत साडेबारा वाजलेले असतात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासाने मागे जातात आणि कोडं दीड वाजता येऊ लागतं. मग मावशीकडची जेवणंही तासाने लांबतात, कारण ताटं उचलून, ओटा पुसून, हात कोरडे करूनच ती कोड्याला बसते. मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे गेली की काकांना अचानक बाराच्या ठोक्याला पान वाढलेलं दिसतं. "वॉशिंग्टनहून जीआर आला वाटतं," एवढंच म्हणून ते वरणभात कालवायला घेतात.

खेळ दिसायला बाळबोध आहे. षटकोनी सहा घरं आणि त्यांच्या मधोमध सातवं, पिवळं. प्रत्येक घरात एक इंग्रजी अक्षर. त्यातून शब्द काढायचे. शब्द निदान चार अक्षरी हवा, मधलं अक्षर त्यात आलंच पाहिजे, आणि एकच अक्षर कितीदाही वापरता येतं. चार अक्षरी शब्दाला एक गुण, त्यापुढे जितकी अक्षरं तितके गुण. सातही अक्षरं ज्यात येतात तो 'पॅनग्राम', त्याला आणखी सात गुण. एकूण गुणांच्या सत्तर टक्के झाले की खेळ तुम्हाला 'जीनियस' ठरवतो. शहाण्या माणसाने तिथे फोन खाली ठेवावा आणि वामकुक्षी घ्यावी. पण यादीतला एकूण एक शब्द काढला तर 'क्वीन बी' म्हणून आणखी एक मान आहे. तो वरच्या पायऱ्यांत आधी दाखवलेलाच नसतो, त्यामुळे त्याची चटक जास्त. 2014मध्ये हे कोडं त्या दैनिकाच्या मासिकात छापून येऊ लागलं, 2018मध्ये ते फोनवर आलं आणि लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीत पोचलं. न्यू जर्सीतल्या लेकीने आईचा वेळ जावा म्हणून वर्गणी भरली. वेळ गेला. लेकीचं चुकलं ते एवढंच, की त्याच दिवशी तिने नागपूरच्या सासूबाईंचीही वर्गणी भरली.

विहीणबाई कॉलेजात इंग्रजीच्या विभागप्रमुख होत्या. मावशी टेलिफोन खात्यातली. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून, तेही तर्खडकरांच्या वळणाचं. बाकीचं इंग्रजी तिने ट्रंक बोर्डावर कानाला हेडफोन लावून, लोकांच्या बोलण्यातून उचललं. लोकलमध्ये उभ्या उभ्या पेपरातलं कोडं ती पेनाने सोडवायची. पेन्सिल वापरणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

लेकीच्या लग्नात मानपानाचा प्रश्न निघालाच नाही. दोन्हीकडची माणसं सुशिक्षित. आहेर नको, रुखवत नको, याद्या नकोत, आमचं काही म्हणणं नाही, आमचंही नाही. त्यामुळे जे प्रकरण तेव्हा मांडवात दोन तासांत मिटलं असतं, ते आता रोज दुपारी थोडं थोडं चालतं.

या जातीची माणसं हल्ली घरोघरी दिसतात. निवृत्त, हिशेबाची पक्की, चष्मा कपाळावर आणि ओठ हलते. त्यांना वाटतं आपण यंत्राशी खेळतो. यंत्राशी कुणी खेळत नाही. भावाशी, जावेशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याशी खेळतात. यंत्र आपलं मध्ये लावलेला अंतरपाट. आणि ही स्पर्धा मैत्रीची असते, त्यामुळे तिला अंत नसतो. वैराला निदान कोर्टात तारखा पडतात.

फॅमिली ग्रुपवर निकाल जाहीर करण्याचीही रीत ठरलेली आहे. 'मी जीनियस झाले' असं कुणी लिहीत नाही, ते असंस्कृतपणाचं. विहीणबाई लिहितात, "घरी रंगकाम सुरू आहे. मजुरांचा चहा करता करता सहजच पाहून राहिले होते. झालं." सोबत स्क्रीनशॉट. मावशी आधी मेसेजची वेळ बघते. बारा एकावन्न. म्हणजे एकवीस मिनिटं, त्यातही चहा. मावशी त्या वेळी सत्तर टक्क्यांच्या अलीकडे तीन गुणांवर अडकलेली असते, पण उत्तर जातं, "वा! मी अजून उघडलंही नाही. आता बघते." पाच मिनिटांनी हवा तो शब्द निघतो. तरी ती लगेच पाठवत नाही. जेमतेम पटकन झालं असं वाटेल इतकंच थांबते, आणि मग तो ठेवणीतला बाण सोडते: "झालं हो माझंही. आजचं सोपं होतं ना?"

मी लग्नाच्या बैठकींत, बँकेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत बरीच वाक्यं ऐकली आहेत, पण इतकं सभ्य आणि इतकं जीवघेणं दुसरं ऐकलेलं नाही. ज्याचं झालं त्याचा पराक्रम यात शून्य होतो, ज्याचं झालं नाही त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि बोलणारी विनयाची मूर्ती ठरते. जावई बिचारा अलिप्त राष्ट्र. सकाळी सहाला न्यू जर्सीत उठतो, ग्रुप उघडतो आणि दोन्ही आयांना एकाच मेसेजमध्ये "ग्रेट!" म्हणतो. एकदा त्याने चुकून आईच्या मेसेजला आधी अंगठा दाखवला. सासूने काही म्हटलं नाही. तीन दिवस काहीच म्हटलं नाही.

पण मावशीचा खरा जीव जिंकण्यात नाही, सुटलेल्या शब्दांत आहे. नवं कोडं आलं की ती आधी नव्याकडे बघतच नाही. 'कालची उत्तरं' उघडते. तिथे पूर्ण यादी असते, आपल्याला मिळालेल्या शब्दांपुढे बरोबरची खूण असते, आणि खूण नसलेले उघडे पडलेले असतात. ते ती काकांच्या जुन्या डायरीत, दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर उतरवते. झाडापेडांची नावं, कुठले पक्षी, इटालियन शेवयांचे प्रकार ही सगळी ती माफ करते, "आपल्या वाटेला कधी आलेच नाहीत, त्यांना काय दोष द्यायचा?" खाण्यापिण्यातला 'नान' मात्र खेळ बिनतक्रार घेतो. त्याचा एक गुण मिळतो, पण तिला आनंद होत नाही. "नान अमेरिकेत पोचला. आपली भाकरी बसली तव्यावर." माफी नसते ती रोजच्या वापरातल्या शब्दांना. ते सुटले की ती स्वतःला बोलत नाही, शब्दालाच बोलते: "समोर बसून होता, पण तोंड उघडलं का त्याने?"

या डायरीत एका शब्दाला स्वतंत्र पान आहे.

त्या दिवशी अक्षरं होती टी, ई, एल, पी, एच, एन आणि मधे ओ. मावशी सुसाट सुटली होती. 'हॉटेल' आलं. 'पॉटहोल' तर पहिल्याच फटक्याला. डोंबिवलीकराला तो शब्द शोधावा लागत नाही, त्यातूनच तो घरी येतो. 'फिनॉल' आलं, 'फोन' आला. जीनियस झालं, तरी पॅनग्राम निघेना. अक्षरं फिरवायचं बटण असतं, ते तिने दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. संध्याकाळी भाजी निवडताना, रात्री दूध विरजताना ओठ हलतच होते. एवढ्यात नागपूरहून मेसेज आला. स्क्रीनशॉट नव्हता, आकडा नव्हता. फक्त: "आज तुमच्या खात्याचाच शब्द होता, नाही का हो? मला तुमचीच आठवण आली."

मावशी फोनकडे बघत बसली. तीस-बत्तीस वर्षं त्या खात्याचं मीठ खाल्लं. लग्नाच्या पत्रिकेत वधूच्या आईच्या नावाखाली ते खातं छापलं होतं. 'टेलिफोन'. नऊ अक्षरं, सातही घरं त्यात आलेली, सोळा गुण. "फोन मिळाला होता तुला," काका हळूच म्हणाले. "नुसती लाइन जोडायची राहिली." त्या रात्री काका स्वतःच्या हाताने दूध गरम करून प्यायले.

सुटलेल्या शब्दाचं दुखणं आमच्या घराण्यात वंशपरंपरेने आलंय. माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, गिरगावातल्या चाळीत बक्षिसांची शब्दकोडी भरायचे. त्या काळी मुंबईला या कोड्यांचं वेड होतं. फी भरायची, कूपन पाठवायचं आणि सीलबंद उत्तराशी आपलं उत्तर जुळायची वाट बघायची. सरकारने 1955मध्ये कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली आणि 1957मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दैवावर चालणाऱ्या कोड्यांना जुगाराच्या पंक्तीला बसवलं. आजोबांचा न्यायालयाशी मतभेद होता. जुगारी माणूस कधीतरी जिंकतो, आपण कधीच जिंकलो नाही, तेव्हा हा जुगार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांची कूपनं कायम एका शब्दाने हुकायची आणि तो शब्द त्यांना आधी सुचलेला, मग खोडलेला असायचा. मावशीने पेन्सिल सोडून पेन का धरलं, याचं मूळ मला तिथे दिसतं.

सकाळी चहाबरोबर ती 'वर्डल'ही खेळते, पण ते तोंड धुतल्यासारखं. त्याची डायरी नाही. त्या खेळाबद्दल तिला आपुलकी आहे ती वेगळ्याच कारणाने. जॉश वॉर्डल आणि त्याची जोडीदारीण पलक शहा लॉकडाऊनमध्ये हेच स्पेलिंग बी खेळायचे, आणि मग त्याने तिच्यासाठी म्हणून हा खेळ रचला. पाच अक्षरी बारा हजारांच्या आसपास शब्दांतून ओळखीचे अडीचेक हजार तिने निवडून दिले. 2021च्या ऑक्टोबरात खेळ सगळ्यांसाठी खुला झाला आणि चारेक महिन्यांत त्याच दैनिकाने तो विकत घेतला. हे वाचून मावशी काकांना म्हणाली, "बघा. माणसं बायकोसाठी काय काय करतात." काकांनी पेपर खाली केला. "1984 साली मी तुला गॅसचा दुसरा सिलिंडर मिळवून दिला होता," ते म्हणाले. त्यावर मावशीला बोलता येईना. ज्यांनी एका सिलिंडरवर पाहुणे जेवू घातलेत त्यांना कळेल.

'वर्डल'ने विहीणबाईंना एकदाच दगा दिला, आणि ती तारीख मावशीला लेकीच्या लग्नाइतकी पाठ आहे. 5 मे 2022. उत्तर होतं 'होमर'. विहीणबाईंचं म्हणणं, हे ग्रीक कवीचं नाव, विशेषनाम, चालणार कसं? निघालं बेसबॉलचं. होम रन मारला की तिकडे त्याला होमर म्हणतात. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात त्या एका दिवसात हा शब्द 65 हजारांहून जास्त वेळा शोधला गेला, बहुतेक उत्तर अमेरिकेच्या बाहेरून, आणि पुढे त्या कोशाने त्यालाच वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. मावशीने ती बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "एवढे लोक होते बघा. तुम्ही एकट्या नव्हत्या." सहानुभूती इतकी नेमकी लागली की विहीणबाईंनी हात जोडलेली खूण पाठवली.

त्यांनी परतफेड केली ती प्राध्यापकी पद्धतीने. मावशी पुष्कळ शब्द चाचपत घालते. लागला तर लागला. विहीणबाईंनी एकदा विचारलं, "किती छान शब्द काढलात हो. अर्थ काय त्याचा?" मावशी आठवडाभर शोधाशोध करत होती, अर्थाची नव्हे, उत्तराची. मग तिला नायजेल रिचर्ड्स सापडले. न्यूझीलंडचे स्क्रॅबलपटू. फ्रेंच बोलता येत नसताना नऊ आठवड्यांत त्या भाषेचे शब्द पाठ करून 2015मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, आणि 2024मध्ये स्पॅनिशचेही. मावशीने वर-खाली काही न लिहिता नुसता त्यांचा फोटो आणि बातमी टाकली. नागपूरहून त्या दिवशी रंगकामाची खबर आली नाही.

असं सगळं चाललेलं असताना गेल्या डिसेंबरात विहीणबाई मुंबईला एका लग्नासाठी आल्या आणि जाताना एक दिवस डोंबिवलीला राहिल्या. संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस पकडायची होती. मी मुद्दाम गेलो. दोघी समोरासमोर बसून खेळणार, हे बघायचं सोडून माणूस रविवारी दुसरं काय करेल?

संत्रा बर्फीचा डबा झाला, साडी झाली, "कशाला हो उगीच" दोन्ही बाजूंनी झालं. एकच्या सुमारास जेवणं उरकली. विहीणबाई "जरा पाठ टेकते" म्हणून आतल्या खोलीत गेल्या, मावशीने तोवर ओटा आवरला. अडीचच्या पुढे दोघी सोफ्यावर, मधे मावशीचा फोन. एकाच फोनवर खेळायचं ठरलं, कारण दोन फोन म्हणजे उघड उघड स्पर्धा दिसली असती.

ए, सी, आय, ओ, पी, टी, आणि मधे एन.

पहिली पाच मिनिटं शब्दच पडेना. "घाला ना तुम्ही." "छे, तुम्ही पाहुण्या." "तुमचा फोन." "मुलाकडचा मान पहिला." शेवटी विहीणबाईंनी 'नान' घातला, अगदी एका गुणाचा, आणि "आता तुम्ही" म्हणून हात मागे घेतला. मावशीने 'कॅप्टन' घातला. मग तिची गाडी सुटली. 'कॅप्शन' हा पॅनग्राम तिलाच मिळाला. विहीणबाईंनी टाळी वाजवली, मनापासून वाजवल्यासारखी वाजली. 'कॉटन', 'टॉनिक', 'पॅनिक', 'पिकनिक', 'ऑप्शन'. 'ओपिनियन'ही. विहीणबाई त्या दिवशी फारच सोसून खेळत होत्या. बारके बारके शब्द त्यांनी घेतले, मोठे सगळे मावशीच्या बोटाला आले. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

साडेतीनला एक शब्द राहिला. खेळाच्याच इशाऱ्यांच्या पानावर एकूण शब्द किती एवढंच बघायचं, त्याखाली नजर जाऊ द्यायची नाही, हा दोघींचाही शिरस्ता. त्या आकड्यावरून कळलं की एकच. एक शब्द, की क्वीन बी. मावशी आयुष्यात तिथवर कधी पोचली नव्हती. अक्षरं फिरवून झाली. मोठ्याने म्हणून झाली. मावशीने डोळे मिटून बघितले. "तुम्हाला काही सुचतंय का हो?" "नाही बाप्पा. तुम्हालाच सुचेल पाहा." विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

स्वयंपाकघरातून काकांनी विचारलं, "भज्यांना कांदा उभा चिरू ना?"

मावशीने डोळे उघडले. ओ-एन-आय-ओ-एन. बोट स्क्रीनवर नुसतं नाचलं. मग जो काही जल्लोष झाला त्यात काका सुरी हातात घेऊन बाहेर आले आणि "काय झालं? कोण आलं?" विचारत राहिले. स्क्रीनशॉट निघाला. ग्रुपवर टाकताना खाली नावं कुणाची आधी यावर दहा मिनिटं गेली. मुलाकडच्यांचं आधी आलं. काकांचं नाव घालावं असं मी सुचवलं, ते कुणी ऐकलं नाही. भजी मात्र झकास झाली होती.

रात्री मी निघणार तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. विहीणबाईंना गाडीत बसवून काका नुकतेच परतले होते. ग्रुपवर विहीणबाईंच्या स्वतःच्या फोनवरचा स्क्रीनशॉट होता. तेच कोडं, तेच शब्द, क्वीन बी. खाली: "गाडीत सहजच पाहून राहिले होते. माझंही झालं."

"गाडी कल्याणहून कधी सुटली?" मावशीने विचारलं.

"पाऊण तासही नाही झाला. का?"

"पाऊण तासात आमच्या त्या सगळ्या शब्दांची यादी पुन्हा? तेही चादर अंथरून, उशी फुगवून, टीसीला तिकीट दाखवून?"

"आठवून आठवून घातले असतील."

"नाही." मावशीने फोन खाली ठेवला. ट्रंक बोर्डावर कुणीतरी लाइन ऐकतंय हे कळल्यावर तिचा चेहरा असा व्हायचा असं काका सांगतात. "दुपारी पाठ टेकायला आत गेल्या होत्या ना, तेव्हाच झालं होतं त्यांचं. सगळं. कांद्यासकट."

काका थोडा वेळ विचार करत राहिले. "मग दोन तास बोलल्या का नाहीत?"

"पाहुण्या होत्या," मावशी म्हणाली. "वर मुलाकडच्या."